8 वर्षं 8 महिने की 92 दिवस?

पुस्तक येऊन आता बरेच महिने झालेत आणि भेटेल तो एकच विचारतो, किती वेळ लागला गं लिहायला? ऑफिसात विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, परवा तर डेंटिस्टने माझं तोंड उघडं असताना विचारलं, म्हणजे उत्तर नकोच होतं बहुतेक त्याला. मी आत्तापर्यंत प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. कुणाला आठ वर्षं, कुणाला पाच महिने, एका मावशींना तर "अजून चालूच आहे" असं म्हणाले आणि त्यांना ते फारच आवडलं. खरं काय ते एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून हा प्रपंच.

तर मी विमा कंपनीत मोटार क्लेम बघते. गाडी ठोकली की सर्व्हेअर फोटो आणि इस्टिमेट पाठवतो, त्यातून मी घसारा वजा करते, प्लास्टिक-रबराला 50 टक्के, काचेला शून्य, लोखंडाला गाडीच्या वयाप्रमाणे, आणि राहील तो आकडा पास करते. सतरा वर्षं हेच करतेय. त्यामुळे सवयच अशी की कादंबरी लिहायला बसले त्या दिवसापासून एक्सेल ठेवली. तारीख, किती वाजता बसले, किती वाजता उठले, किती शब्द. नवरा हसायचा. पण त्या एक्सेलमुळेच आज सांगू शकते की मी 611 दिवस बसले आणि एकूण 740 तास लिहिलं. आठ तासांचा दिवस धरला तर साधारण 92 दिवस झाले, म्हणजे रविवार सोडून साडेतीन महिन्यांची नोकरी. आणि छापलेल्या पुस्तकात 64 हजार शब्द आहेत, म्हणजे तासाला 86. माझी मुलगी एका तासात मैत्रिणींना याच्या दसपट टाइप करत असेल.

पण सुरुवात झाली मे 2016 मध्ये आणि पुस्तक हातात आलं जानेवारी 2025 ला. ही 8 वर्षं 8 महिने. मग मधला वेळ गेला कुठं, तेच सांगायचंय.

आईचं माहेर उजनीत गेलेलं. म्हणजे उजनी धरणात. भीमेवरचं हे धरण 1980 ला पूर्ण झालं, माझा जन्म 81 चा, त्यामुळे जुनं गाव मी पाहिलेलंच नाही, माझं आजोळ म्हणजे नवीन गावठाण, सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट आणि पुष्कळ ऊस. 2016 चा उन्हाळा आठवत असेल बऱ्याच जणांना, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो. उजनी मायनसमध्ये गेलेली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, धरण एकूण 117 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं जवळपास 63 मृतसाठा, म्हणजे वापरात न धरलेलं तळाचं पाणी, त्यामुळे टीव्हीवर धरण शून्य टक्के दाखवतात तेव्हाही खाली बक्कळ पाणी असतं, आणि ते पण उपसायला लागले की मग उणे दहा, उणे वीस असं मोजतात. आमच्याकडं लहान पोरालाही कळतं उणे चाळीस म्हणजे काय ते.

तर त्या मे महिन्यात आई म्हणाली चल, गाव वर आलंय. गेलो. नुसता भेगाळलेला गाळ, शंख-शिंपले, कुणाचं तरी फाटलेलं मासेमारीचं जाळं, आणि मधेमधे दगडांच्या जोत्यांच्या रेघा. आई पुढं, मी मागं. आणि माझ्या लक्षात आलं की आई सरळ चालत नाहीये. मोकळं मैदान आहे समोर, पण ती डावीकडं वळतेय, मग थोडं पुढं जाऊन उजवीकडं, एका ठिकाणी तर चक्क वळसा घालून गेली. मी विचारलं, अगं सरळ चल की. तर म्हणाली, "आगं पाटलाचा वाडा हाय न्हवं हितं."

तिथं काहीच नव्हतं. ती गल्लीतून चालत होती.

त्या रात्री घरी येऊन मी दोन पानं लिहिली. ही माझी कादंबरीची सुरुवात असं मी धरते, पण एक्सेलमध्ये पुढची नोंद थेट सप्टेंबर 2017 ची आहे. सोळा महिने काहीही नाही. आळस होता, भीती होती, आणि मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मुख्य म्हणजे मला वाटायचं की आधी सगळी माहिती गोळा करावी मग लिहावं. हे अत्यंत सोयीचं असतं, माहिती कधी संपतच नाही ना. आईकडून 72 चा दुष्काळ लिहून घेतला, ती सुकडी, तो अमेरिकेचा लाल मिलो ज्याच्या भाकरीला चिकटपणाच नसायचा, खडी फोडायच्या कामावर कोण कोण जायचं, मामाकडून पुनर्वसनाच्या बैठका, कोणाला कुठं जमीन मिळाली आणि ती किती खडकाळ निघाली. तीन वह्या भरल्या. वह्या भरताना आपण कादंबरी लिहितोय असंच वाटत राहतं.

मग कोणीतरी मला ते प्रसिद्ध उदाहरण सांगितलं. नेमाड्यांनी कोसला दोन-तीन आठवड्यांत लिहिली, पंचविशीत. मराठीत कादंबरी लिहू बघणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकवलं जातंच. मी ते इतकं मनावर घेतलं की पंधरा दिवसांची रजा टाकली, मुलीला सासूबाईंकडं सोडलं आणि दौंडला माहेरी जाऊन बसले. पंधरा दिवसांत अकरा पानं झाली. त्यातली चार नदीच्या वर्णनाची. बाकी वेळ आईने केलेलं खाल्लं आणि झोपले. नंतर कळलं की त्याच नेमाड्यांच्या हिंदू या कादंबरीची लोक कित्येक वर्षं वाट बघत होते आणि ती आली 2010 ला. हे उदाहरण मात्र कुणी सांगत नाही, त्याने उत्साह येत नाही ना कुणाला!

पण त्या अकरा पानांनी एक झालं, गाडी सुरू झाली. सप्टेंबर 2017 ते फेब्रुवारी 2019, अठरा महिने मी लिहीत होते. पहाटे पाच ते सहा, सहानंतर डबे. टाइप सगळं फोनवर. लॅपटॉप उघडला की ऑफिस आठवायचं, म्हणून फोन. अंगठे दुखायचे. हडपसरहून बसने कॅम्पात जाताना बसायला जागा मिळाली तर पुढची दोन वाक्यं. हा काळ खरं सांगायचं तर सगळ्यात मजेचा होता, कारण मला वाटत होतं मी फार भारी लिहितेय. एकूण 1 लाख 12 हजार शब्द झाले. आजोबा नायक. उंचेपुरे, फेटा, सरकारी साहेबांना तोंडावर सुनावणारे, शेवटी पाणी ओसरीला लागतं तरी घर न सोडणारे.

माझे आजोबा असे नव्हतेच. ते पाच फूट तीन इंच होते आणि कलेक्टर ऑफिसात पाय ठेवायला घाबरायचे. मोबदल्याच्या पैशातून त्यांनी पहिल्यांदा घेतलं काय तर रेडिओ. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी अठरा महिने दुसऱ्याच कुठल्यातरी आजोबांबद्दल लिहीत बसले. सिनेमातले आजोबा ते.

एका प्रकाशकांकडे पाठवलं. प्रिंट काढून, स्पायरल करून, 420 पानं. आठ महिने उत्तर नाही. फोन केला की "वाचन चालू आहे", मग "दिवाळीनंतर बघू", दिवाळीनंतर "यंदाची यादी भरलीये". शेवटी मीच जाऊन बाड परत आणलं. त्यांच्या ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंनी, बहुतेक त्यांनीच वाचलं असावं, बाड हातात देताना एवढंच म्हटलं की "सगळं नीट आहे हो, पण हे सांगतंय कोण?" मला राग आला. सांगतंय कोण म्हणजे काय, मी सांगतेय! बसमध्ये येईपर्यंत राग होता, घरी येऊन बाड माळ्यावर टाकलं आणि नोव्हेंबर 2019 नंतर एक्सेल कोरी.

मग 2020. लोक आजही म्हणतात, लॉकडाऊनमध्ये लिहिली असशील ना. काय सांगू. दोन खोल्यांत आम्ही पाच जण, मुलीची ऑनलाइन शाळा माझ्याच फोनवर, म्हणजे ज्या फोनवर मी लिहायचे तोच सकाळी आठ ते बारा तिच्याकडं, माझं काम घरून, भांडीवाली बंद. 2020 मधले माझे शब्द किती तर शून्य. मायनसच म्हणा, कारण एके दिवशी चिडून मी जुन्या फाइलमधून नदीचं सगळं वर्णन उडवलं.

2021 च्या दिवाळीत मामा घर रंगवत होता म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात एक पिवळा पडलेला कागदाचा गठ्ठा, वर नाडी. भूसंपादनाचे कागद. कलम 4 ची नोटीस, कलम 9 ची नोटीस आणि निवाड्याची नक्कल. मी ते मामाच्या ओसरीवर रंगाच्या डब्याशेजारी बसून वाचलं. त्यात आजोबांच्या घराची मोजणी होती. घर दगडमातीचे, धाब्याचे, खण पाच (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा). दार सागवानी जुने एक. खिडकी लाकडी दोन. लिंब दोन, बाभळी तीन, आंबा एक, आणि त्या आंब्यापुढं कंसात "फळ धरत नाही". प्रत्येकापुढं रुपये. शेवटी बेरीज. अक्षर इतकं सुंदर, गोल, एकही खाडाखोड नाही.

मी बघतच राहिले. कारण हे मी रोज करते. दार जुने, घसारा वजा. आंबा फळ धरत नाही, किंमत कमी. हा जो कोण कारकून होता, तो टेप घेऊन आमच्या अंगणात आला असेल, आजीने त्याला पाणी दिलं असेल, बहुतेक चहाही, आणि त्याने आंब्याकडं बघून विचारलं असेल, धरतो का? आणि आजोबा खरं बोलले असतील, नाही धरत. खोटं बोलले असते तर चार पैसे जास्त मिळाले असते.

त्या बाईंचा प्रश्न मला दोन वर्षांनी कळला. सांगणार तो कारकून. गाव बुडणार हे ज्याला सगळ्यात आधी माहीत, ज्याला प्रत्येक घराची किंमत माहीत आणि संध्याकाळी मुक्कामाला मात्र त्याच गावात कुणाच्या तरी पडवीत झोपायचंय, तो.

जानेवारी 2022 ला बसले आणि मे अखेर 58 हजार शब्द झाले. पाच महिने. लोकांना मी पाच महिने सांगते ते हेच. कारकुनाची भाषा मला शोधावी लागलीच नाही, सतरा वर्षं तीच लिहितेय की मी, कोरडी, नोंदी केल्यासारखी, भावना आली की पुढं आकडा टाकायचा. जुन्या 1 लाख 12 हजारातलं फक्त 9 हजार नवीनमध्ये आलं. म्हणजे 1 लाख 3 हजार शब्द पाण्यात, अक्षरशः म्हणता येईल असा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. पण ते वाया गेले असं मला वाटत नाही आता. धरणाला कसा मृतसाठा लागतो, वापरात धरत नाहीत तो, पण तो भरल्याशिवाय वरचं पाणी कुठं उभं राहणार?

बरं, झालं का पुस्तक? छे. वाचायला दिलं चौघांना. मैत्रीण म्हणाली सुंदर, ते सोडून द्या. नवऱ्याने तीस पानं वाचली आणि उरलेली "वाचणारे" असं अजून म्हणतोय. खरा दणका दिला आप्पांनी. आप्पा म्हणजे वडील, रेल्वेत होते, दौंडलाच सगळी नोकरी. माझा कारकून एका प्रकरणात रेल्वेने चाललाय आणि खिडकीतून गावाकडं बघतोय, फार हळवं प्रकरण जमलेलं, माझं सगळ्यात आवडतं. आप्पा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ही गाडी जाते कुठनं?" म्हटलं भिगवणहून पुढं. म्हणाले, "आत्ताची लाइन लिहिलीस तू. धरणामुळं लाइन हलवली ना. तेव्हा गाडी डिकसळच्या पुलावरनं जायची, तो आता रस्त्याचा पूल झालाय तो. तुझ्या माणसाला हितनं गाव दिसेलच कसं?" रेल्वेवाल्याची पोरगी आणि कादंबरीत रेल्वेच चुकली! नुसतं पुलाचं नाव बदलून भागलं नसतं, कारण गाव कुठल्या खिडकीतून आणि केव्हा दिसतं यावर पुढची तीन प्रकरणं उभी होती. ते सगळं उसवून परत शिवायला मार्च 2023 उजाडला. पण तो पूल आत आल्यावर कादंबरी एकदम बसली, कारण आता कारकुनाच्या हिशोबात आणखी एक वस्तू आली जी बुडणार नव्हती, फक्त तिचं काम बदलणार होतं. शब्द झाले 64 हजार.

दुसऱ्या प्रकाशकांनी दोन महिन्यांत हो म्हटलं. मला वाटलं झालं. इथून पुढं अजून पावणेदोन वर्षं लागली, आणि हे कुणीच आधी सांगत नाही म्हणून सांगते. करार, मग संपादन, ते चांगलं झालं, संपादकांनी माझे सगळे उद्गारवाचक काढले (इथं टाकतेय त्याचा सूड म्हणून). मग डीटीपी. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं आणि त्यांचं सगळं काम श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टात, कन्व्हर्टरमधून फाइल गेली आणि प्रूफ आलं तर जिथं जिथं "खोऱ्यात" होतं तिथं "खोर्यात". "दऱ्या" चा झाला "दर्या". भीमेच्या काठचे माझे लोक पानोपानी समुद्राला लागलेले. प्रूफं तीनदा तपासली, प्रत्येक वेळी नवीन चूक जन्माला यायची, जुनी दुरुस्त करताना. मग पानांचा घोळ. 243 होत होती, आणि छपाई 16 पानांच्या फर्म्यात चालते, 15 फर्मे म्हणजे 240, तीन पानांसाठी सोळावा फर्मा परवडत नाही म्हणे. मग दोन प्रकरणांच्या शेवटी सांडलेल्या चार-चार ओळी मी कापल्या, एक परिच्छेद पूर्ण गेला. तो परिच्छेद आंब्याचा होता आणि आता वाटतं बरं झालं गेला.

मध्ये 2024 चा उन्हाळा. उजनी परत खाली, उणे साठच्या आसपास गेली, पळसदेवचं पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडलं आणि लोक फोटो काढायला गर्दी करून येत होते. मुखपृष्ठासाठी फोटो मिळेल म्हणून आम्हीही गेलो. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, ती गाडीतच बसून राहिली, काच खाली करून. मी फोटो काढले, एकही वापरला नाही, मुखपृष्ठावर शेवटी टेप आलीये, मोजायची.

आणि जानेवारी 2025 ला 500 प्रतींची आवृत्ती आली. साहित्य संमेलनाच्या आधी यायला पाहिजे म्हणून शेवटचे तीन आठवडे अशी काही धावपळ झाली की आधीची आठ वर्षं कुणी झोपलेलं होतं का असा प्रश्न पडावा.

आता कोण म्हणेल की मग 740 तासांचं खरं धरायचं की आठ वर्षांचं. मला विचाराल तर त्या एक्सेलमध्ये एक कॉलम चुकलाच. आईबरोबर गाळातून चाललेली ती चाळीस मिनिटं त्यात नाहीत. मामाच्या ओसरीवरचा तो तास नाही. कन्व्हर्टरवर घातलेल्या रात्री मात्र आहेत, पूर्ण.

आईला पहिली प्रत दिली. ती शिकलेली चौथीपर्यंत, बोट ठेवून वाचते, दिवसाला दोन पानं, दुपारी, भांडी झाल्यावर. मध्ये पाहुणे, लग्नं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यामुळे बरेच दिवस बंद. मी विचारायचं नाही असं ठरवलेलं. गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला.

"पान सत्तेचाळीसला आलेय," म्हणाली.

म्हटलं, बरं, कसं वाटतंय?

"घर पाच खणाचं लिव्हलंय तू."

म्हटलं अगं निवाड्यात तसंच आहे, कागद आहे माझ्याकडं, सरकारी.

"सहा व्हतं. गोठ्याकडचा खण त्यानं धरलाच न्हाई. तुझ्या आज्ज्याला कळलं व्हतं, पर बोलला न्हाई."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग डीटीपीवाल्या दादाला मेसेज टाकला, दुसरी आवृत्ती निघाली तर पान 47 वर एक दुरुस्ती आहे, तशी मोठी आहे. त्याने अंगठा पाठवलाय.